सहलीतील वास्तुदर्शन : पाहणे, ऐकणे आणि अर्थ लावणे

शैक्षणिक सहल ही प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमातील नित्याची बाब होय. दिवाळीची सुटी संपून थंडी पडू लागली, की शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. खेड्यातील पुष्कळ मुलांच्या वाट्याला अशी संधी शालेय जीवनात एकदा, फार तर दोनदा येते. त्या दिवसासाठी लागणारी रक्कम अनेक घरांतून कापूस वेचणीच्या मजुरीतून बाजूला काढलेली असते. आई पहाटे उठून भाकरी बांधून देते. मूल तर आदल्या रात्री नीट झोपतही नाही. इतक्या अपेक्षेने निघालेल्या मुलाच्या हाती दिवसाच्या शेवटी काय पडते, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे उत्तर सहलीनंतर लिहून घेतलेल्या निबंधांत सापडते. ‘आम्ही सकाळी सहा वाजता निघालो. प्रथम आश्रम पाहिला. नंतर मंदिर पाहिले. नंतर डबा खाल्ला. नंतर नदी पाहिली. खूप मजा आली.’ वर्गातील बहुतेक वह्यांत थोड्याफार फरकाने हाच मजकूर असतो. ‘पाहिले’ हे एकच क्रियापद आश्रमास, मंदिरास व नदीस सारखेच लावलेले असते. यात मुलांचा दोष नाही. अक्षरओळख करून दिल्यावाचून मुलाने पुस्तक वाचावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. भिंत, दार, खांब व मूर्ती यांची भाषा मात्र त्यास आपोआप कळेल, असे आपण गृहीत धरतो. ही भाषाही शिकवावी लागते, आणि ती शिकविणे फारसे कठीण नाही.

वास्तू म्हणजे कोणाचा तरी निर्णय

कोणतीही वास्तू आपोआप उभी राहत नाही. ती बांधताना कोणीतरी काही ठरविलेले असते. भिंत मातीची की दगडाची, दार रुंद की अरुंद, उंबरठा किती उंच, बसावयाचे कोणी व उभे राहावयाचे कोणी, या प्रत्येक गोष्टीमागे एक निर्णय असतो. काही निर्णय पैशामुळे होतात, काही हवामानामुळे, काही श्रद्धेमुळे, तर काही केवळ रूढीमुळे. निर्णय घेणारी माणसे निघून जातात. भिंत मात्र उभी राहते. तिच्यावरून त्या माणसांच्या मनापर्यंत पोहोचणे, यासच वास्तूचा अर्थ लावणे असे म्हणता येईल.

प्राथमिक शाळेतील मुलास हे साधावे म्हणून चार प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, ही वास्तू कशाची बनविली आहे व ते साहित्य कोठून आले? दुसरा, ही कोणी बांधली व कोणासाठी? तिसरा, ती अशीच का बांधली, निराळी का नाही? चौथा, येथे आत कोणास येता येत असे, कोणास येत नसे, आणि आज काय स्थिती आहे? हे प्रश्न मुलांकडून पाठ करून घ्यावयाचे नाहीत. दोन-चार वास्तूंवर ते विचारून झाले, म्हणजे मुले ते स्वतःच विचारू लागतात.

याला जोड म्हणून सहलवहीच्या प्रत्येक पानावर तीन उभे रकाने आखून घ्यावेत. पहिल्या रकान्याचे नाव ‘दिसते’, दुसऱ्याचे ‘सांगतात’, तिसऱ्याचे ‘वाटते’. डोळ्यांनी पाहिलेले पहिल्यात, कोणी सांगितलेले किंवा फलकावर वाचलेले दुसऱ्यात, आणि स्वतःच्या मनात आलेले तिसऱ्यात लिहावयाचे. हे तीन रकाने वेगळे ठेवण्याची सवय लागणे हा सहलीचा मोठा लाभ आहे. ऐकलेल्या गोष्टीस पाहिलेली गोष्ट समजणे आणि वाटलेल्या गोष्टीस सिद्ध झालेली गोष्ट समजणे, या दोन चुका मोठ्या माणसांकडूनही नित्य घडत असतात.

आरंभ आपल्या गावापासून

दूर जाण्यापूर्वी मुलांनी स्वतःचे गाव एकदा या दृष्टीने पाहावे. मातीच्या जाड भिंतीचे व कवेलूच्या छपराचे घर उन्हाळ्यात थंड का राहते, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत का नाही, हे मुलांस अनुभवाने ठाऊक असते. त्याचे कारण मात्र त्यांनी शोधलेले नसते. ओसरी कशासाठी, कोनाडा कोठे, गोठा घराच्या कोणत्या बाजूस, पाराभोवती बसण्याची जागा कोणी बांधली, या प्रश्नांवर एक तास सहज निघतो. गावातील जुने देऊळ काळ्या दगडाचे असेल, तर तो दगड आपल्याच जमिनीखालचा आहे, हे भूगोलाच्या पाठाशी जोडता येते. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या याच खडकावर वसलेला आहे.

कला म्हणजे केवळ संग्रहालयातील वस्तू, हा समजही येथेच दूर करावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल घेऊन निघतात. तो बैल हे सुताराच्या हातचे शिल्पच होय. सुताराने वशिंड किती उंच ठेवले, मान कशी वळविली, चाके कशी बसविली, हे मुलांनी आपापला बैल समोर ठेवून पाहावे. ज्याने स्वतःचा लाकडी बैल नीट पाहिला आहे, त्यास पुढे दगडातील मूर्ती पाहणे अवघड जात नाही.

आर्वीतच पाहण्याजोगे

आर्वी परिसरातील शाळांना पहिला पाठ घरापासून फार दूर न जाता घेता येतो. हे गाव तेलंगराव वली यांनी वसविले असे परंपरा सांगते, आणि म्हणून गावास ‘तेलंगरावाची आर्वी’ असेही म्हटले जात असे. तेलंगराव हे ब्राह्मण होते असे हिंदू सांगत आले, मुसलमान होते असे मुसलमान सांगत आले, आणि त्यांच्या समाधीस दोन्ही समाज मान देत आले. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरनेही या गोष्टीची नोंद घेतली आहे.

येथे तीन रकान्यांचा उपयोग लगेच ध्यानात येतो. समाधी, तिची बांधणी व तेथे येणारी माणसे ही ‘दिसते’ या रकान्यात जातील. तेलंगराव कोण होते, याविषयीच्या दोन्ही कथा ‘सांगतात’ या रकान्यात शेजारी शेजारी लिहाव्या लागतील. ‘खरे कोणते, गुरुजी?’ असे एखादे मूल निश्चित विचारील. अशा वेळी शिक्षकाने एका बाजूस कौल देण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी मुलांपुढे दुसरा प्रश्न ठेवावा : दोन समाजांना एकच माणूस आपला वाटतो, यावरून त्या माणसाविषयी काय कळते, आणि या गावाविषयी काय कळते? वास्तूचा अर्थ कधी कधी तिच्या आत पुरलेल्या माणसाच्या जन्मदाखल्यात नसून तिच्यापाशी येणाऱ्या माणसांच्या वागण्यात असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलास हे समजते. किंबहुना मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

देवस्थानाखेरीज इतर वास्तूंकडेही लक्ष वेधावे. आर्वीस पुलगावशी जोडणारी अरुंद रुळांची रेल्वे १९१७ मध्ये सुरू झाली. ती सुमारे ३५ किलोमीटर लांबीची होती. तिच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते. ही गाडी आता धावत नाही; परंतु ती येथे का आली होती, या प्रश्नाचे उत्तर शेतातच आहे. या भागातील कापूस पुलगावच्या मोठ्या मार्गापर्यंत नेणे, हा तिचा मुख्य हेतू होता. जिनाची उंच भिंत, कापसाच्या गाड्यांसाठी मोकळे सोडलेले आवार, जुन्या स्थानकाची लहानशी इमारत यांस कोणी सुंदर म्हणणार नाही. तथापि आपल्या आजोबा-पणजोबांनी पिकविलेला कापूस कोणत्या वाटेने जगाच्या बाजारात गेला, हे याच वास्तू सांगतात. सौंदर्य आणि अर्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांस येथे दाखविता येते.

आष्टी : एका गावात दोन काळ

पूर्वी आर्वी तहसिलीत असलेले व आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झालेले आष्टी हे लहान सहलीसाठी उत्तम स्थळ आहे. जहांगीर बादशहाच्या काळात हा परगणा मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदारास जहागीर म्हणून मिळाला. तो १६२७ मध्ये निवर्तला व त्याची कबर येथे मुघल धर्तीवर बांधण्यात आली. त्याचा मुलगा अहमद खान याचीही कबर येथेच आहे.

वर्धा नदीच्या खोऱ्यातील एका गावी उत्तरेकडील धर्तीची इमारत कशी आली, असा प्रश्न मुलांस विचारावा. त्यातून मुघलांची दक्षिणेकडील मोहीम, वऱ्हाडवरील त्यांचा अंमल व मलिक अंबराशी त्यांचा झगडा हा इतिहास आपोआप उलगडतो. पुस्तकातील तो धडा मुलांस दूरच्या दिल्लीचा वाटत असतो. कबरीपुढे उभे राहिल्यावर तो आपल्या तालुक्याचा होतो. कमानीचा आकार, दगडाचा रंग, आतील गारवा या गोष्टी मुलांनी ‘दिसते’ या रकान्यात स्वतःच लिहाव्यात.

याच आष्टीत १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ आंदोलनात पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला व गावातील माणसे हुतात्मा झाली. त्यांचे स्मारक आणि सरदाराची कबर ही दोन्ही मृत्यूची आठवण जपणारी स्थाने आहेत. एक सत्तेवर असलेल्या माणसासाठी उभारले गेले, दुसरे सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या सामान्य माणसांसाठी. दोहोंची तुलना मुलांकडून करून घ्यावी. कोणत्या काळात कोणाची आठवण दगडात ठेवली जाते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासाचा गाभाच होय.

सेवाग्राम : साधेपणाचा अर्थ

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेले सेवाग्राम हे जिल्ह्यातील शाळांचे ठरलेले सहलीचे स्थळ आहे. आणि म्हणूनच ते घाईने पाहिले जाते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावी आले. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. पुढे १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. पहिले घर ‘आदिनिवास’ या नावाने ओळखले जाते. प्रारंभी गांधीजी व त्यांचे सहकारी या एकाच घरात राहत असत. आज ‘बापूकुटी’ म्हणून ओळखली जाणारी झोपडी आधी मीराबेन यांची होती.

येथे मुले सहसा निराश होतात. ‘हे तर आमच्या घरासारखेच आहे’ असे एखादे मूल बोलून जाते. त्यास गप्प न करता हेच वाक्य फळ्यावर लिहावे, इतके ते मोलाचे आहे. ज्या माणसास भेटावयास देशोदेशीची मोठी माणसे येत, त्याचे घर शेतकऱ्याच्या घरासारखेच का असावे? मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, कवेलू व सारवलेली जमीन हे सारे जवळपास मिळणारे साहित्य आहे. याहून मोठे घर बांधून देणारे पुष्कळ जण होते. म्हणजे हे घर गरिबीमुळे असे झालेले नाही. ते समजून-उमजून असे बांधले आहे. गावात जे मिळते व गावचे कारागीर जे करू शकतात, त्यातच माणसास मानाने राहता आले पाहिजे, हा विचार त्या भिंतीत आहे. मातीच्या घराची लाज बाळगणाऱ्या मुलास हा विचार किती मोठा आधार देऊन जातो, याचा अंदाज वर्गात बसून येत नाही.

साधेपणा म्हणजे कलेचा अभाव नव्हे, हेही बापूकुटीतच दिसते. भिंतीवर मातीचेच उठाव देऊन मीराबेन यांनी चरखा व ताडाची झाडे काढली आहेत. मीराबेन या मूळच्या इंग्लंडच्या. एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या कन्या. त्यांनी या देशाच्या मातीने या देशाचे चित्र काढले. मुलांनी ते उठाव वहीत काढून घ्यावेत. हात लावू नये, एवढी सूचना आधीच द्यावी. आश्रमात साप पकडून दूर नेऊन सोडण्यासाठी वापरला जाणारा पिंजरा व चिमटाही आहे. लहान मुले तेथे रेंगाळतात. त्यांस रेंगाळू द्यावे. अहिंसा या शब्दाचा अर्थ त्या पिंजऱ्याइतका सोपा करून सांगणारे दुसरे साधन मिळणे कठीण आहे.

ज्या वर्षी आदिनिवास उभा राहिला, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्याचा मंडप ग्रामीण साहित्यातून सजविण्याचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे सोपविले होते. खेड्यातील साहित्य कलेस अपुरे पडत नाही, हेच तेथेही दाखविले गेले.

शिक्षकांच्या दृष्टीने या स्थळाचे आणखी एक महत्त्व आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, तीतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व नयी तालीम या नावाने ओळखली जाणारी मूलोद्योगी शिक्षणाची योजना आकारास आली. हाताने केलेल्या कामाशी सर्व विषयांचा समवाय साधावा, हे तिचे सूत्र होते. सहलीतही तोच समवाय साधता येतो. एका मातीच्या भिंतीवरून विज्ञान, भूगोल, इतिहास, गणित व भाषा हे पाचही विषय शिकविता येतात.

वर्धा : तीन उपासनास्थाने, तीन रीती

वर्धा शहरातील लक्ष्मीनारायण मंदिर बजाज कुटुंबाने बांधलेले आहे. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने हे मंदिर त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले करण्यात आले. या मंदिरातील पाहण्याची मुख्य गोष्ट म्हणजे त्याचे दार. मुलांस दाराशी थोडा वेळ उभे करावे आणि चौथा प्रश्न विचारावा : या दारातून आत कोणास येता येत नव्हते?

हा प्रसंग शिकविताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली अशी, की ही कथा केवळ दार उघडणाऱ्याच्या बाजूने सांगू नये. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनेही ती सांगावी. मार्च १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेऊन आपला हक्क बजावला. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे त्यांचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालूनही ते दार उघडले नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. पुढे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. अशा रीतीने एका दारापासून निघालेला पाठ संविधानापर्यंत पोहोचतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ज्यांच्या पणजोबांस त्या दाराबाहेर थांबावे लागले, अशी मुले आपल्याच रांगेत उभी असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून किंवा नजर वळवून हा पाठ कधीही देऊ नये. अन्याय कोणावर झाला, यापेक्षा अन्याय करणारी रूढी कशी होती, यावर सर्व मुलांचे लक्ष केंद्रित करावे. त्या दाराशी सगळी मुले एकाच रांगेत, एकाच उंबरठ्यावरून आत जातात. हे घडत असताना शिक्षकाने फार न बोललेलेच बरे.

याच शहराच्या परिसरात गोपुरी येथे गीताई मंदिर आहे. विनोबांच्या मातोश्रींस संस्कृत गीता कळत नसे. त्यांच्या इच्छेतून विनोबांनी १९३०-३१ या काळात गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला, तीच ‘गीताई’. १९८० मध्ये उभ्या झालेल्या या मंदिरास छप्पर नाही व गाभारा नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या शिळा आहेत व त्यांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. जवळच १९९३ मध्ये उभारलेला विश्वशांती स्तूप आहे. त्याच्या चार बाजूंस चार बुद्धमूर्ती आहेत.

ही तीनही स्थाने एका दिवसात पाहून मुलांस एकच प्रश्न विचारावा : येथे माणसाने काय करावे, अशी बांधणाऱ्याची अपेक्षा आहे? पहिल्या ठिकाणी दारातून आत जाऊन मूर्तीसमोर उभे राहावयाचे, दुसऱ्या ठिकाणी वाचीत वाचीत चालावयाचे, तिसऱ्या ठिकाणी भोवती प्रदक्षिणा घालावयाची. श्रद्धा प्रत्येक ठिकाणी आहे. तिची चालण्याची रीत मात्र वास्तूने ठरविली आहे. चौथी-पाचवीची मुले हे स्वतः चालून शोधून काढू शकतात. त्यांस आधी सांगून टाकू नये.

पवनार : दगड बोलतात, पण एकाच आवाजात नव्हे

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर धाम नदीकाठी पवनार आहे. विनोबा १९३८ मध्ये येथे राहावयास आले. आश्रमाच्या जमिनीत खणताना त्यांस प्राचीन मूर्ती सापडत गेल्या. त्यांत दोन व्यक्ती परस्परांस भेटत असल्याचे एक शिल्प आहे. राम आणि भरत यांची ही भेट, असे विनोबांनी त्यात पाहिले, आणि आश्रमात ते भरत-राम म्हणून पूजिले जाऊ लागले. १९५९ मध्ये विनोबांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली.

नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असे मत मांडले आणि येथील शिल्पांचा संबंध रामायणाशी जोडला. या राजाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे रामकथेवरील प्राकृत काव्य आहे, ही गोष्टही त्या मतास पोषक होती. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले. पुढील काळात काही अभ्यासकांनी यांतील शिल्पपट रामायणातील नसून कृष्णचरित्रातील असावेत, असे मत मांडले.

शिल्प तेच, दगड तोच. अर्थ मात्र निरनिराळे. शिक्षकाने ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. ‘विद्वानांचेही जमत नाही, मग आपण काय पाहावयाचे?’ असा निष्कर्ष मुले काढतील, ही भीती अनाठायी आहे. उलट, अर्थ पुराव्यावर उभा असतो आणि नवा पुरावा आला की पुन्हा तपासावा लागतो, हे त्यांस कळते. मुलांनी प्रथम शिल्पापुढे शांत उभे राहावे व फक्त ‘दिसते’ हा रकाना भरावा : किती व्यक्ती आहेत, हात कसे आहेत, मान कोणीकडे वळली आहे, अंगावर काय आहे, कोणता भाग झिजला किंवा तुटला आहे. त्यानंतर शिक्षकाने विनोबांची, मिराशींची व इतरांची मते सांगावीत. ‘वाटते’ हा रकाना सर्वांत शेवटी भरावा, आणि तेथे ‘कारण’ हा शब्द लिहिल्यावाचून वाक्य पुरे करू नये, असा नियम घालावा. ‘मला हे भाऊ वाटतात, कारण दोघे एकाच उंचीचे आहेत’ एवढे एक वाक्य तिसरीच्या मुलाने लिहिले, तरी सहलीचे सार्थक झाले असे समजावे.

श्रद्धेने भरत-राम पाहणाऱ्या भाविकाचा अर्थ यामुळे खोटा ठरत नाही, हेही स्पष्ट करावे. मूर्ती घडविणाऱ्याच्या मनातील अर्थ हा एक. तिच्यापुढे हात जोडणाऱ्याच्या मनातील अर्थ हा दुसरा. पहिला संशोधनाने शोधावयाचा, दुसऱ्याचा आदर करावयाचा.

वाकाटकांचा उल्लेख आला असता अजिंठ्याचेही नाव घ्यावे. याच घराण्याच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथील शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. ज्या अजिंठ्याचे नाव जगभर पोहोचले आहे, त्याचे नाते आपल्या शेजारच्या पवनारशी आहे, हे कळल्यावर मुलांस आपल्या जिल्ह्याच्या मातीविषयी वेगळेच वाटू लागते.

नियोजनाविषयी काही सूचना

सहलीची परवानगी, वाहन व सुरक्षितता यांविषयीचे नियम वेळोवेळी निघणाऱ्या परिपत्रकांत दिलेले असतात. त्यांचे पालन करावेच. अर्थदर्शनाच्या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. एका दिवसात तीनहून अधिक स्थळे घेऊ नयेत. सहा स्थळे ओझरती पाहिल्याने सहाही विसरली जातात. प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा तास मुलांस बसू द्यावे.

२. शिक्षकाने ती जागा आधी एकदा स्वतः पाहून यावी. ते शक्य नसल्यास जाऊन आलेल्या सहकाऱ्याकडून माहिती घ्यावी.

३. जाण्यापूर्वी एक आठवडा चार प्रश्न व तीन रकाने यांचा सराव गावातील एखाद्या वास्तूवर करून घ्यावा. स्थळाची सर्व माहिती मात्र आधी सांगू नये. शोधण्यासारखे काही शिल्लक ठेवावे.

४. प्रत्येक मुलाने निदान एक रेखाटन करावे. चित्र चांगले येणे महत्त्वाचे नाही. रेखाटन करताना डोळा थांबतो, आणि थांबलेल्या डोळ्यासच बारकावे दिसतात.

५. पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटाकडे एक प्रश्न सोपवावा. नेहमी मागे राहणाऱ्या मुलाकडे पावलांनी लांबी-रुंदी मोजण्याचे काम द्यावे. ते त्यास हमखास जमते.

६. उपासनास्थळी व समाधिस्थळी तेथील रीतीप्रमाणे पादत्राणे काढावीत, मोठ्याने बोलू नये, भिंतीवर नावे लिहू नयेत. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी कसे वागावे, हा स्वतंत्र पाठच आहे.

७. पवनारला नदीकाठी खडक निसरडे असतात. मुलांस पाण्यात उतरू देऊ नये व मोजणी करूनच पुढे निघावे.

८. ज्या मुलाच्या घरी सहलीची रक्कम देणे शक्य नाही, त्याची सोय शाळेने व ग्रामस्थांनी मिळून गाजावाजा न करता करावी. पैशासाठी मागे राहिलेले मूल त्या दिवशी जो पाठ शिकते, तो पुढे कोणताही धडा पुसू शकत नाही.

सहलीनंतर

परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध लिहून घेण्याऐवजी मुलांस एक वास्तू निवडावयास सांगावे व तिच्यावरच लिहून घ्यावे. एका गटाने मातीची प्रतिकृती करावी, दुसऱ्याने पावलांच्या मोजणीवरून नकाशा काढावा, तिसऱ्याने तीन रकान्यांचा तक्ता मोठ्या कागदावर उतरवून वर्गात लावावा. दोन मुलांच्या ‘वाटते’ या रकान्यांत विरोध असेल, तर त्यांची चर्चा घडवून आणावी.

यानंतरचे काम अधिक टिकाऊ आहे. शाळेने गावाची एक वास्तुवही सुरू करावी. तीत जुनी घरे, देवळे, दर्गे, विहार, विहिरी, पार, चावडी, जिन व शाळेची इमारत यांची एकेक पानाची नोंद मुलांनी करावी. गावातील वृद्ध मंडळी, गवंडी, सुतार व कुंभार यांस विचारून माहिती मिळवावी. दर वर्षी पुढच्या वर्गाने त्यात भर घालावी. मातीची घरे झपाट्याने पडत आहेत. कवेलू बसविणारे हात कमी होत आहेत. दहा वर्षांनी त्या वहीतील काही पानांवरच्या वास्तू उभ्याही नसतील. मुलांच्या हस्ताक्षरातील ती नोंद मात्र असेल, आणि गावाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास ती उपयोगी पडेल.

मोठेपणी या मुलांपैकी कोणी नोकरीसाठी, कोणी मजुरीसाठी, कोणी यात्रेसाठी दूरदूरच्या गावी जातील. अनोळखी शहरात, अनोळखी इमारतीपुढे ती उभी राहतील. हे कोणी बांधले, कशाने बांधले, कोणासाठी बांधले, आणि येथे कोणास येऊ दिले जात नव्हते, असे प्रश्न त्यांच्या मनात त्या वेळी उठले, तर प्राथमिक शाळेने आपले काम केले असे म्हणता येईल. या वर्षीच्या सहलीचा बेत आखताना शिक्षकबंधुभगिनींनी बसच्या मार्गाबरोबर या चार प्रश्नांचाही विचार करावा.